प्रेतासमोर उभे केलेले शेजारी: कोरोनरची ज्यूरी मृत्यूचे कारण कसे शोधत असे

विहिरीत तरुणाचा मृतदेह सापडतो, एखादी विवाहिता घरात मृतावस्थेत आढळते, कोठडीतील आरोपी रात्रीतून दगावतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीचे शेवटचे वाक्य ठरलेले असते: ‘पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली असून पुढील तपास सुरू आहे.’ या वाक्यामागे मृतदेहाचा पंचनामा असतो आणि त्याच्या तळाशी पोलीस अधिकाऱ्याखेरीज किमान दोन पंचांच्या सह्या असतात. हे पंच डॉक्टर नसतात, वकील नसतात, बहुतेक वेळा त्या परिसरातले साधे रहिवासी असतात. मग मृत्यूसारख्या गंभीर बाबतीत त्यांना बोलावून मृतदेह का दाखवतात?

या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग इंग्लंडच्या जुन्या खेड्यांत आहे. आकस्मिक मृत्यू झाला की शेजारपाजारच्या माणसांना प्रेतासमोर उभे करून ‘हा कसा मेला ते तुम्ही सांगा’ असे विचारण्याची पद्धत तेथे शतकानुशतके चालली. ती पद्धत मुंबईतही आली आणि तिचे कार्यालय १९९९ सालापर्यंत मुंबईत होते. जे. जे. रुग्णालयाच्या परिसरातले कोरोनर कोर्ट अनेक जुन्या मुंबईकरांना आठवत असेल, पण तेथे नेमके काय चाले आणि ते कोठून आले, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

तीन शब्द आधी समजून घेऊ

कोरोनर म्हणजे आकस्मिक, अनैसर्गिक किंवा संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी. हा शब्द राजमुकुट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे, कारण हा अधिकारी राजाच्या हक्कांची राखण करण्यासाठी नेमलेला असे. तो जी चौकशी करी तिला इन्क्वेस्ट म्हणत. आपल्याकडील पोलीस आजही ‘इन्क्वेस्ट पंचनामा’ म्हणतात तो याच शब्दामुळे. या लेखात मी तिला मृत्यूचौकशी म्हणेन.

तिसरा शब्द ज्यूरी. मराठी वाचकाला ज्यूरी म्हटले की १९५९ सालचा नानावटी खटला आठवतो. पण ती खटल्याची ज्यूरी होती. तिच्यासमोर एक आरोपी उभा होता आणि तो दोषी की निर्दोष एवढेच तिला सांगायचे होते. कोरोनरच्या ज्यूरीसमोर आरोपी नसे, तिच्यासमोर प्रेत असे. मृत कोण, तो कधी, कोठे आणि कशाने मेला, एवढे तिने सांगायचे. त्या उत्तरात कोणाचा हात निघाला तर त्याचे नावही ती घेऊ शकत असे आणि त्या नावावर पुढे खटला उभा राहत असे. हा फरक लक्षात ठेवला म्हणजे पुढचे सारे सोपे जाईल.

राजाला प्रेतांत रस का होता?

कोरोनरचे पद ११९४ साली निर्माण झाले. प्रत्येक परगण्यात तीन सरदार आणि एक लेखनिक निवडावा आणि त्यांनी राजाच्या हक्काच्या दाव्यांची नोंद ठेवावी, असा आदेश त्या वर्षी निघाला. त्या सुमारास राजा पहिला रिचर्ड परदेशात कैद होऊन नुकताच सुटला होता. त्याच्या सुटकेसाठी प्रचंड खंडणी द्यावी लागली होती आणि तिजोरीला पैसा हवा होता. आकस्मिक मृत्यू हे त्या काळी उत्पन्नाचे साधन होते, हे आज ऐकायला कठोर वाटते, पण ते तसेच होते. खुन्याची मालमत्ता राजाकडे जाई. आत्महत्या करणाऱ्याची मालमत्ता राजाकडे जाई. ज्या वस्तूमुळे अपघाती मृत्यू झाला ती वस्तूसुद्धा राजाकडे जाई. कोरोनर मृत्यूची नोंद करी त्याचबरोबर या सगळ्याची किंमतही लिहून ठेवी, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याला मागाहून वसुली बुडवता येऊ नये.

त्याहून विचित्र असा एक दंड होता. फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांनी १०६६ साली इंग्लंड जिंकल्यानंतर त्यांच्यापैकी कोणाचा गुपचूप खून होऊ नये म्हणून नियम केला गेला की, बेवारस प्रेत सापडले आणि मृत इंग्रज होता हे स्थानिकांना सिद्ध करता आले नाही, तर साऱ्या विभागाने दंड भरावा. जेते आणि जित यांच्यात रोटीबेटी होऊन ते ओळखू येईनासे झाले, तरी दंड चालूच राहिला आणि १३४० साली रद्द झाला. आपल्याकडे मराठेशाहीत चोराचा माग ज्या गावाच्या शिवेत संपे त्या गावावर चोरीच्या मालाची जबाबदारी येत असे. सामूहिक जबाबदारीची ही कल्पना त्या जातीची आहे. माणूस कसा मेला हे ठरवण्यात साऱ्या वस्तीचे पैसे गुंतलेले होते, म्हणून वस्ती गप्प बसू शकत नव्हती.

प्रेत सापडले की पुढे काय होई

ज्याला प्रेत प्रथम दिसले त्याने आरडाओरडा करून वस्ती गोळा करणे हे त्याचे कायदेशीर कर्तव्य होते. मग जवळच्या शेजाऱ्यांना खबर, त्यांच्यामार्फत कोरोनरला निरोप. कोरोनर येईपर्यंत प्रेत हलवायचे नाही आणि पुरायचे तर मुळीच नाही. तसे केले तर गावाला दंड. कोरोनर घोड्यावरून यायचा, एक-दोन दिवसही लागायचे, आणि तोवर गावकरी प्रेतावर पाळत ठेवून बसायचे.

कोरोनर आला की शेजारच्या चार गावांची आणि त्या विभागातली माणसे बोलावली जात. त्यांना शपथ देऊन ज्यूरी बसे. नंतरच्या काळात तिची संख्या १२ ते २३ अशी स्थिर झाली आणि निर्णयाला किमान १२ जणांची सहमती लागे. या सगळ्यात एक अट अशी होती की तिच्यावाचून चौकशीच रद्द ठरे: कोरोनर आणि ज्यूरी यांनी प्रेत प्रत्यक्ष पाहिलेच पाहिजे. प्रेत उघडे करून पाहायचे, जखमा मोजायच्या, त्यांची लांबी, रुंदी, खोली लिहायची, गळ्यावर फासाची खूण आहे का, अंग सुजले आहे का, हे पाहायचे. त्यानंतर प्रथम पाहणाऱ्याची आणि साक्षीदारांची जबानी. लोक बोलत इंग्रजीत, पण लेखनिक लिही लॅटिनमध्ये, आणि ही रीत थोडा काळ सोडला तर १७३३ सालापर्यंत चालली.

या नोंदींपैकी पुष्कळ आजही लंडनच्या सरकारी दफ्तरात आहेत आणि त्या वाचताना मन हेलावते, कारण ज्यांच्याविषयी दुसरीकडे एक ओळही कोणी लिहिली नसती अशा माणसांचे शेवटचे क्षण त्यांत आहेत. १५६९ सालच्या उन्हाळ्यात वूस्टरशर परगण्यातील एका खेड्यात जेन नावाची अडीच वर्षांची मुलगी गिरणीच्या तळ्याकाठी पिवळी फुले तोडताना पाण्यात पडून बुडाली. तिचे फूल तोडणेसुद्धा त्या नोंदीत लिहिलेले आहे. बहुसंख्य नोंदी अशाच आहेत: विहिरीत पडलेले, नदीवर धुणे धुताना वाहून गेलेले, गाडीखाली सापडलेले, उकळत्या हंड्यात भाजलेले. खून त्यांत कमी.

एका प्रसिद्ध माणसाचे उदाहरण घेऊन पद्धत जवळून पाहू. नाटककार ख्रिस्तोफर मार्लो ३० मे १५९३ रोजी लंडनजवळच्या डेटफर्ड येथे एका विधवेच्या घरी मारला गेला. १ जूनला राणीच्या दरबाराचा कोरोनर विल्यम डॅनबी याने सोळा जणांच्या ज्यूरीसह मृत्यूचौकशी केली, आणि त्याच दिवशी मार्लोला पुरले गेले. अहवालात खोलीची मांडणी आहे: मार्लो पलंगावर पडलेला, त्याच्यासोबत त्या घरी असलेला इंग्रॅम फ्रायझर त्याच्याकडे पाठ करून टेबलाशी बसलेला, फ्रायझरच्या दोन्ही बाजूंना दोन सोबती, त्यामुळे फ्रायझरला उठून पळता येणे अवघड. जेवणाच्या बिलावरून वाद झाला, मार्लोने फ्रायझरचाच खंजीर खेचून त्याच्या डोक्यावर दोन वार केले आणि झटापटीत तो खंजीर मार्लोच्या उजव्या डोळ्याच्या वर घुसला. जखम दोन इंच खोल, एक इंच रुंद. खंजिराची किंमत बारा पेन्स. निर्णय: स्वसंरक्षण. महिना संपायच्या आत फ्रायझरला राणीची माफी मिळाली. हा अहवाल दफ्तरात पडून होता. लेस्ली हॉटसन या संशोधकाने तो १९२५ साली प्रसिद्ध केला.

या एका कागदात पद्धतीचे बळ आणि दुबळेपणा दोन्ही दिसतात. जखमेचे माप सोळा जणांनी स्वतः पाहिले होते, ते खोटे असण्याची शक्यता कमी. पण भांडण कसे झाले हे सांगायला खोलीतले तीनच लोक जिवंत होते. त्यांपैकी एक मारणारा आणि दुसरा, रॉबर्ट पोली, सरकारचा हेर. प्रेत जे सांगू शकते तेवढेच ज्यूरीला खात्रीने कळे. बाकीच्यासाठी तिला माणसांच्या शब्दावर विसंबावे लागे.

चाकाची किंमत

मार्लोच्या अहवालात खंजिराची किंमत का लिहिली, याचे उत्तर राजाच्या तिजोरीत आहे. मृत्यूस कारण ठरलेली वस्तू जप्त होई, आणि अपघातात जी वस्तू अशी जप्त होई तिला डिओडँड म्हणत, म्हणजे देवाला द्यायची वस्तू. तिचा पैसा धर्मकार्याला जावा अशी मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात तो राजाकडे किंवा ज्या जमीनदाराला तो हक्क दिलेला असे त्याच्याकडे जाई. आज अपघातातली गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात महिनोन्‌महिने गंजत उभी दिसते, पण ती पुराव्यासाठी असते आणि मालकाला परत मिळू शकते. डिओडँडमध्ये ती वस्तूच जणू गुन्हेगार मानली जाई.

त्यातही बारकावे होते. उभ्या गाडीच्या चाकावर चढताना माणूस पडून मेला तर फक्त चाक जप्त, आणि चालती गाडी अंगावरून गेली तर सारी गाडी जप्त, कारण मृत्यूकडे जे जे हलले ते सारे देवाचे. किंमत ज्यूरी ठरवी. गाडीवान शेजारचाच, गरीब, त्याच्या पोटावर पाय कशाला आणायचा, म्हणून ज्यूरी पुष्कळदा किंमत फार कमी लावी. अठराव्या शतकापर्यंत हा प्रकार नाममात्र उरला होता.

आगगाडी आली आणि तो पुन्हा जिवंत झाला. २४ डिसेंबर १८४१ रोजी सॉनिंगजवळ दरड कोसळून ग्रेट वेस्टर्न रेल्वेची गाडी घसरली. तिसऱ्या वर्गाच्या उघड्या, ठेंगण्या कडांच्या डब्यांतून नाताळसाठी घरी निघालेले कामगार त्यात मेले. ज्यूरीने इंजिन आणि डब्यांवर एक हजार पौंडांचा डिओडँड लावला. ती रक्कम पुढे वरच्या न्यायालयात टिकली नाही, पण कंपन्यांना धडकी भरली. ही वेळ माझ्या मते या साऱ्या इतिहासातली फार महत्त्वाची आहे. गाडीवानाचे चाक होते तेव्हा ज्यूरी दयाळू होती. मालक मोठी कंपनी झाली तेव्हा तीच ज्यूरी कठोर झाली. अखेर १८४६ साली संसदेने डिओडँड रद्द केला आणि त्याच वर्षी दुसऱ्याच्या चुकीमुळे मेलेल्या माणसाच्या कुटुंबाला भरपाई मागण्याचा हक्क देणारा कायदा केला. तोपर्यंत इंजिनाचा पैसा राजाला मिळू शकत होता, पण विधवेचा त्यावर हक्क नव्हता.

शेजारी आपल्या माणसाला पाठीशी घालणार नाहीत का?

हा आक्षेप योग्य आहे. आज न्याय देणाऱ्याला प्रकरणाची आधी काही माहिती नसावी अशी आपली अपेक्षा असते. त्या काळी अपेक्षा उलट होती. चाळीत एखाद्या खोलीत कोणी मेले तर कोणाचे कोणाशी भांडण होते, कोण दारू पिऊन येई, रात्री कोणाचा आवाज ऐकू आला, हे चाळकऱ्यांना पोलिसांच्या आधी ठाऊक असते. ही माहिती असणे हीच ज्यूरीत बसण्याची पात्रता होती. अर्थात चाळकरी जे जाणतात ते लपवूही शकतात. शिवाय ज्यूरीत पुरुषच असत. इंग्लंडमध्ये १९१९ च्या कायद्यापर्यंत स्त्रियांना ज्यूरीत बसता येत नव्हते. प्रेत प्रथम पाहणारी, त्याला न्हाऊ घालणारी बहुधा बाईच असे, पण निर्णयात तिचे मत धरले जात नसे.

पाठीशी घालण्याचे सर्वांत मोठे उदाहरण आत्महत्येचे आहे. भानावर असताना जीव दिला असा निर्णय झाला तर मालमत्ता जप्त होई आणि प्रेत स्मशानाबाहेर चौरस्त्यात, छातीत खुंटा ठोकून पुरले जाई. वेडाच्या भरात जीव दिला असा निर्णय झाला तर यातले काहीच होत नसे. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत ज्यूऱ्या पहिला निर्णय बिनदिक्कत देत. अठराव्या शतकात त्या अधिकाधिक दुसऱ्या निर्णयाकडे वळल्या, इतक्या की पुढे तो जवळपास नेहमीचा झाला. मागे राहिलेल्या बायकामुलांना उघड्यावर पाडायचे नाही, हे त्यामागे स्पष्ट होते. याला खोटेपणा म्हणता येईल. मी त्याला शहाणपण म्हणेन, कारण कायदा संसदेने बदलण्याच्या कित्येक वर्षे आधी या साध्या माणसांनी तो निरुपयोगी करून टाकला.

पण ही दया सर्वांना सारखी मिळत नव्हती. ऑगस्ट १८२२ मध्ये परराष्ट्रमंत्री कॅसलरे यांनी स्वतःचा गळा कापून घेतला. ज्यूरीने वेडाचा निर्णय दिला आणि त्यांना वेस्टमिन्स्टर ॲबीत सन्मानाने पुरले. त्यानंतर वर्षभराच्या आत, जून १८२३ मध्ये, वडिलांना मारून आत्महत्या केलेल्या एका तरुणाला लंडनच्या चौरस्त्यावर पुरण्यात आले. १८२३ सालीच संसदेने चौरस्त्यातले दफन बंद केले. मालमत्तेची जप्ती मात्र १८७० पर्यंत कायद्यात राहिली.

या सगळ्यात डॉक्टर कुठे होता?

बहुतेक वेळा कुठेच नव्हता. प्रेत बाहेरून पाहून जे दिसेल तेच. विषबाधा, आतला रक्तस्राव, हृदयविकार हे ओळखण्याचे साधन नव्हते आणि ‘ईश्वरी आघाताने मृत्यू’ हा निर्णय अशा वेळी कामी येई. मध्ययुगात कोरोनरला वेतन नव्हते. १७५२ पासून प्रत्येक चौकशीला वीस शिलिंग आणि प्रवासाला दर मैलामागे नऊ पेन्स ठरले. चौकशी बहुधा गावच्या दारूच्या गुत्त्यात होई, कारण वीस माणसे मावतील अशी खोली दुसरीकडे नसे आणि प्रेत ठेवायला तेथे मागे थंड जागा असे. एकाच टेबलाशी दु:खी नातेवाईक, ज्यूरी आणि रोजचे गिऱ्हाईक, अशी ती परिस्थिती होती.

१८३६ सालच्या कायद्याने कोरोनरला डॉक्टर बोलावून त्याला साक्षीबद्दल एक गिनी आणि शवविच्छेदनासह दोन गिनी देण्याची सोय झाली. तरीही बहुतेक कोरोनर वकीलच होते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचे संस्थापक थॉमस वाकली यांनी हे पद डॉक्टरकडे असावे म्हणून अनेक वर्षे चळवळ केली आणि १८३९ साली ते स्वतः पश्चिम मिडलसेक्सचे कोरोनर म्हणून निवडून आले.

त्यांच्या कारकिर्दीतले हाउन्स्लोचे प्रकरण सांगितलेच पाहिजे. १८४६ च्या जून महिन्यात फ्रेडरिक व्हाइट या घोडदळातील शिपायाला शिक्षा म्हणून चाबकाचे दीडशे फटके मारण्यात आले. जवळपास महिन्याने, ११ जुलैला, तो मेला. सैन्याच्या डॉक्टरांनी सांगितले की फटक्यांचा मृत्यूशी संबंध नाही, त्याला छातीचा विकार होता. वाकलींनी चौकशी थांबवून सैन्याबाहेरच्या शल्यचिकित्सकाकडून तपासणी करवली आणि त्याने पाठीच्या कण्यालगतच्या स्नायूंना झालेली इजा दाखवून दिली. ज्यूरीने निर्णय दिला की मृत्यू फटक्यांच्या परिणामाने झाला, आणि अशी शिक्षा या देशात असावी याबद्दल तिने आपला संताप नोंदवला. त्यानंतर लगेच सैन्यात फटक्यांची मर्यादा पन्नासवर आणली गेली आणि १८८१ साली शिक्षाच बंद झाली. येथे डॉक्टराने कारण दाखवले आणि शेजाऱ्यांनी ते उघडपणे उच्चारले. यांपैकी एक जरी नसता तरी व्हाइट छातीच्या विकाराने मेला असेच कागदावर राहिले असते.

मारणारे सरकारच असेल तर?

राजाच्या वसुलीसाठी जन्मलेली ही संस्था सरकारलाच अडचणीत आणू लागली. तुरुंगात कोणीही मेला तरी कोरोनरची चौकशी व्हावी हा नियम फार जुना आहे, आणि कोठडीतील मृत्यूची चौकशी केवळ पोलिसांवर न सोपवता दंडाधिकाऱ्याकडेही देण्याच्या आपल्या आजच्या तरतुदीमागे तोच विचार आहे.

१६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानात मतदानाचा हक्क मागणाऱ्या शांत सभेवर घोडेस्वार घातले गेले. जखमी झालेला ओल्डमचा जॉन लीस हा कापडगिरणी कामगार सप्टेंबरमध्ये मेला. वॉटर्लूच्या लढाईत लढलेला हा माणूस अवघा बावीस वर्षांचा होता. त्याच्या मृत्यूचौकशीत तलवारीच्या जखमांच्या साक्षी वर्तमानपत्रांतून रोज छापून येऊ लागल्या, तेव्हा चौकशी तहकूब झाली आणि शेवटी वरच्या न्यायालयाने ती रद्दच ठरवली. कारण दिले ते असे की कोरोनर आणि ज्यूरी यांनी प्रेत एकाच वेळी पाहिले नव्हते. सत्याची हमी म्हणून घातलेली अट येथे सत्य दडपायला वापरली गेली.

१८३३ साली लंडनमध्ये याच्या उलट घडले. १३ मे रोजी कोल्ड बाथ फील्ड्सच्या सभेवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि त्या गर्दीत रॉबर्ट कली हा पोलीस भोसकला जाऊन मेला. कॅल्थॉर्प आर्म्स या गुत्त्यात सतरा स्थानिक दुकानदारांची ज्यूरी बसली. तिने निर्णय दिला की हा समर्थनीय मनुष्यवध आहे, कारण जमावाला पांगण्याचा रीतसर इशारा दिला नव्हता आणि पोलिसांचे वागणे क्रूर होते. कोरोनरने फेरविचार करायला सांगितले. त्यांनी नकार दिला. वरच्या न्यायालयाने हाही निर्णय रद्द केला, पण लोकांनी त्या सतरा जणांना मेजवान्या दिल्या, त्यांच्या सन्मानार्थ पदके पाडली. मेलेल्या पोलिसाच्या घरच्यांना हा निर्णय कसा वाटला असेल, हा विचार मनात येतोच. तरुण कली स्वतः लाठीमाराचा हुकूम देणारा नव्हता. या निर्णयावर आजही दोन मते होऊ शकतात. मात्र ज्यांनी हुकूम दिला त्यांचा उल्लेख एका अधिकृत कागदावर व्हावा हे फक्त ज्यूरीमुळे शक्य झाले, यावर दुमत होणार नाही.

मग ही पद्धत का राहिली नाही?

तज्ज्ञता वाढली तशी ज्यूरी मागे पडली. पोलीस तपास करू लागले, शवविच्छेदन नित्याचे झाले, दंडाधिकाऱ्याची चौकशी आणि कोरोनरची चौकशी एकाच घटनेवर दोनदा होऊ लागली. १९२६ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये पुष्कळ मृत्यूंसाठी ज्यूरी अनावश्यक ठरली, तिची संख्या ७ ते ११ झाली आणि प्रेत पाहण्याची सक्ती गेली. १९७५ साली एका ज्यूरीने लॉर्ड लुकन या फरार उमरावाचे खुनी म्हणून नाव घेतले. खटल्यात बाजू मांडण्याआधीच माणसाला असे खुनी ठरवणे अन्यायाचे आहे असे म्हणून १९७७ साली नाव घेण्याचा अधिकारही काढून घेतला. हा बदल मला योग्य वाटतो.

परंतु जेथे सरकारी यंत्रणाच प्रश्नाखाली असते तेथे ज्यूरी आजही बसते. शेफील्डच्या हिल्सबरो फुटबॉल मैदानात १५ एप्रिल १९८९ रोजी चेंगराचेंगरी झाली. १९९१ साली ज्यूरीने अपघाती मृत्यू असा निर्णय दिला, पण त्या चौकशीत दुपारी सव्वातीननंतर काय घडले ते कोरोनरने ऐकूनच घेतले नव्हते. कुटुंबांनी वीस वर्षे लढून तो निर्णय रद्द करवला आणि २६ एप्रिल २०१६ रोजी नव्या ज्यूरीने बहुमताने सांगितले की ९६ जण बेकायदा कृत्याने मारले गेले, आणि प्रेक्षकांच्या वागण्याचा त्यात दोष नव्हता. ज्यूरी दोन्ही वेळा साध्या माणसांचीच होती; तिच्यासमोर काय ठेवले गेले एवढाच फरक होता.

मुंबईचा कोरोनर आणि आपला पंच

कंपनी सरकारच्या काळापासून मुंबई आणि कलकत्ता या शहरांना कोरोनर होते आणि १८७१ च्या कोरोनर कायद्याने त्यांचे काम एका चौकटीत बसवले. त्या कायद्यातही ज्यूरी होती. ही व्यवस्था शहरापुरतीच होती. बाकी महाराष्ट्रात, पुण्यात, नागपुरात, खेड्यापाड्यांत आकस्मिक मृत्यूची पाहणी पोलीस पंचांसमक्ष करीत. १९९९ साली मुंबईचे कोरोनर पद रद्द झाले आणि मुंबईतही पंचनाम्याचीच पद्धत आली.

मग पंच म्हणजे ज्यूरीच नव्हे का, असे कोणी विचारेल. बऱ्याच अंशी नाही. ज्यूरी साक्षीदारांना प्रश्न विचारू शकत होती, निर्णय देत होती, आणि प्रसंगी कोरोनरचे न ऐकता देत होती. पंच फक्त पाहतो. पोलीस अधिकारी जे लिहितो ते आपल्यासमोर लिहिले गेले, जखमा तशाच होत्या, एवढ्याची तो ग्वाही देतो. या पंचनाम्याचा हेतू मृत्यूचे दर्शनी कारण नोंदवणे एवढाच आहे, कोणी कसे मारले याचा तपशील त्यात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली म्हटले आहे. प्रत्यक्षात हे काम रुग्णालयाच्या आवारात, घाईत, रात्री-अपरात्री उरकले जाते आणि पंच पुष्कळदा न वाचताच सही करतो, हे आपण सारे जाणतो.

तरी ज्यूरीचा एक अंश कायद्यात शिल्लक आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मध्ये तो होता आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्येही आहे. परिसरातील किमान दोन प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष पाहणी करावी आणि अहवालावर पोलीस अधिकाऱ्याने व त्या रहिवाशांनी, किंवा त्यांच्यापैकी जे त्या अहवालाशी सहमत असतील तेवढ्यांनी, सह्या कराव्यात, असे ते कलम सांगते. म्हणजे मृतदेहावर दिसलेली जखम कागदावर उतरली नसेल, तर त्या कागदावर सही न करण्याचा अधिकार पंचाला आजही आहे.